फ्लटर: टॅब बदलून परत आलं की यादी पहिल्यापासून लोड होते

प्रश्न
फ्लटरमध्ये (मोबाइल अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) केलेल्या अ‍ॅपच्या मुख्य स्क्रीनवर स्कॅफोल्ड (स्क्रीनचा सांगाडा), बॉडीत पाने[इंडेक्स], म्हणजे निवडलेल्या टॅबचं पान, आणि खाली बॉटमनॅव्हिगेशनबार (टॅबची पट्टी) आहे. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की यादी पार वर जाते, एपीआय कॉलही (सर्व्हरकडे डेटाची मागणी) पुन्हा होतो. शिवाय तीन टॅब असेपर्यंत बार ठीक होता, चौथा टाकला आणि आयकॉनच दिसेनासे झाले!

उत्तर १
आयकॉनचं काम एका ओळीचं. चार किंवा जास्त आयटम झाले की बारचा टाइप आपोआप शिफ्टिंग होतो आणि रंग दिले नसतील तर आयकॉन बारच्या रंगात मिसळून जातात. टाइप फिक्स्ड करा.

मूळ दुखणं पाने[इंडेक्स] हेच. टॅब बदलला की जुनं पान विजेट ट्रीमधून (स्क्रीनवरच्या घटकांच्या रचनेतून) निघतं, त्याचं स्टेट (साठवलेली स्थिती) डिस्पोज, म्हणजे नष्ट, होतं. परत आलात की इनिटस्टेट (स्टेट तयार होताना एकदाच चालणारं फंक्शन) नव्याने चालतं. बॉडीत इंडेक्स्डस्टॅक विजेट द्या. सगळी पानं ट्रीमध्ये राहतात, दिसतं फक्त एक. स्क्रोलही जिथल्या तिथे.

उत्तर २
पण नुसता इंडेक्स्डस्टॅक लावलात तर अ‍ॅप उघडताच चारही पानं बिल्ड होतील आणि चारही कॉल एकदम सुटतील. स्टेटमध्ये ‘उघडलेले’ नावाचा सेट ठेवा, सुरुवातीला त्यात फक्त 0. बारच्या ऑनटॅपमध्ये, सेटस्टेटच्या (स्टेट बदलून स्क्रीन पुन्हा बिल्ड करणारं फंक्शन) आतच, नवा इंडेक्स त्यात घाला. जो इंडेक्स सेटमध्ये नाही त्याच्या जागी साइझ्डबॉक्स.श्रिंक (रिकामं विजेट) द्या.

प्रश्नकर्ता
जमलं. फक्त तिसरं पान अजूनही प्रत्येक टॅपला कॉल करतंय. त्यात फ्यूचरबिल्डर (फ्यूचरचा, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराचा, निकाल दाखवणारं विजेट) आहे.

उत्तर २
मग फ्यूचर पानाच्या बिल्ड फंक्शनमध्येच तयार होतंय. टॅब बदलताना सेटस्टेट होतं, पान रीबिल्ड होतं, नवं फ्यूचर, नवा कॉल. ते फ्यूचर इनिटस्टेटमध्ये एकदाच बनवून लेट फायनल (एकदाच किंमत मिळणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवा. पानाला कॉन्स्ट (न बदलणारं) लावूनही लक्षण जाईल, पण पान दुसऱ्या कारणाने रीबिल्ड झालं की पुन्हा तेच.

उत्तर ३
अँड्रॉइडचं बॅकही आत्ताच बघून घ्या. आहे त्या रचनेत कुठल्याही टॅबवर बॅक दाबलं तरी अ‍ॅपमधून बाहेर पडाल. स्कॅफोल्डभोवती पॉपस्कोप (बॅक दाबल्यावर काय व्हावं ते ठरवणारं विजेट) द्या: कॅनपॉपला ‘इंडेक्स 0 आहे का’ ही अट, आणि ऑनपॉपइन्व्होक्डविथरिझल्टमध्ये डिडपॉप फॉल्स आला तर इंडेक्स 0 करा. जुन्या लेखांतला विलपॉपस्कोप उचलू नका, तो डेप्रिकेट झालाय, म्हणजे वापरू नये असा ठरवलाय.