लूपवर सोलो वाजवताना टॅपिंग लयीतून सुटते

प्रश्न (फोंडा)

लूपर पेडलवर (वाजवलेला तुकडा मुद्रित करून सतत फिरवत ठेवणारे पेडल) ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन हे कॉर्ड प्रत्येकी दोन बार (चार-चार बीटचे) भरून त्यावर इलेक्ट्रिक गिटारचा सोलो वाजवण्याचा माझा नेहमीचा सराव आहे. परंतु पाचव्या फ्रेटवरील ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या सप्तकातून बोटे बाहेर पडत नाहीत आणि थोड्याच वेळात तेच ते फिरून येते. अलीकडे टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटाने थेट फ्रेटवर तार दाबून स्वर काढणे) शिकू लागलो आहे. ते नुसते वाजवताना जमते, लूप सुरू झाला की मात्र लयीतून सुटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्हापसा)

ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये एफ शार्प नाही आणि डी सेव्हनचा रंग ठरवणारा स्वर नेमका तोच आहे. त्यामुळे कॉर्ड बदलला तरी आपला सोलो जागचा हलत नाही. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटचा जी धरावा आणि डी सेव्हन येताच सातव्या फ्रेटच्या एफ शार्पवर उतरावे. काही दिवस एवढेच करावे व मधल्या जागा मोकळ्या सोडाव्यात. त्या भरून काढण्याची घाई हा आम्हा गिटारवाल्यांचा जुनाच रोग आहे.

टॅपिंगसाठी पहिल्या तारेवर डावा हात पाचव्या व आठव्या फ्रेटवर आणि उजव्या हाताचे बोट बाराव्या फ्रेटवर ठेवल्यास ए, सी, ई मिळतात. डी सेव्हनवर डावा हात न हलवता ते बोट चौदाव्या फ्रेटवर न्यावे, म्हणजे एफ शार्प हाती लागतो. आपण लयीतून सुटता त्याचे कारण बहुधा असे, की तीन स्वरांचा गट आपण बीटच्या चार भागांत बसवत आहात. तसा तो दर फेरीला पुढे सरकतो आणि तीन बार उलटल्याशिवाय पहिल्या बीटवर परतत नाही. आधी संथ लयीत ट्रिपलेट, म्हणजे एका बीटमध्ये तीन समान स्वर, वाजवावेत.

उत्तर (मंगेशी)

मी गिटार वाजवत नाही. तबल्याच्या एकल वादनाला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती धून, धरतो. आपल्या लूपचे कामही लेहऱ्याचेच आहे. चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे सरळ त्रिताल झाला, आणि ए हा षड्ज मानला तर एफ शार्प हा काफी थाटातील शुद्ध धैवत ठरतो. डी सेव्हन नवव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’ या टाळी नसलेल्या मात्रेवर येतो. तेथून तीन मात्रांचा, प्रत्येक मात्रेला एक स्वर असलेला तुकडा न थांबता तीनदा वाजवावा; हीच तिहाई. त्याचा शेवटचा स्वर बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडेल. लयीच्या हिशेबासाठी ख्यातनाम असलेल्या लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकरांच्या गोव्यात हा हिशेब गिटारवाल्यांनी परका मानू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तिहाई वाजवून पाहिली, परंतु माझा लूपच समेवर किंचित अडखळतो, असे आता लक्षात आले.

उत्तर (म्हापसा)

लूप भरताना चौथा बार संपल्यावर पेडल दाबू नये. पुढच्या बारचा पहिला बीट वाजवतानाच ते दाबावे आणि हात चालूच ठेवावा.