शिळी कढी: बॉट्सची ‘गुप्त भाषा’

चष्मेवाला: काल इथे कुणीतरी टाकलंय, “फेसबुकच्या दोन बॉट्सनी गुप्त भाषा काढली, शास्त्रज्ञांनी घाबरून प्लग उपटला.” २०१७ पासून या शिळ्या कढीला ऊत येतोय! त्या दोघांना, म्हणजे गप्पा मारणाऱ्या दोन प्रोग्रामना, पुस्तकं, टोप्या आणि चेंडू आपसात वाटून घ्यायला बसवलं होतं. सौदा जमला की गुण; इंग्रजी धड बोलण्याचे गुण शून्य. मग बसले “टू मी टू मी टू मी” करत. फुकटात व्याकरण कोण पाळतं? संशोधकांना माणसांशी बोलणारा बॉट हवा होता, त्यांनी नियम बदलले. संपलं.

खडूस_आजोबा: टिंगल सोपी असते. गुप्त भाषा हवीच कशाला? २०११ मध्ये ॲमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरचं एक पुस्तक होतं. एका विक्रेत्याचा प्रोग्राम दुसऱ्याच्या १.२७ पट किंमत लावायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या ०.९९८ पट. चढत चढत २ कोटी ३६ लाख डॉलर! दोघंही आपापल्या जागी शहाणेच.

चष्मेवाला: घेणार कोण होतं ते?

खडूस_आजोबा: शेअर बाजारात घेणारे असतात, आणि त्यातले बरेच प्रोग्रामच. ६ मे २०१० आठवा. अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ काही मिनिटांत गडगडला आणि परत वर.

मिनी_कोल्हापूर: ते एकमेकांशी काय बोलायचं ते बोलोत. माझ्याशी मराठीत कधी बोलणार? बँकेच्या नंबरवर ‘मराठीसाठी ३’ दाबलं, पुढे सगळं हिंदी. कार्ड ब्लॉक करा म्हटलं तर बॉट लोन हवंय का विचारतो! चौथ्यांदा सासऱ्यांनी फोन ओढून घेतला, “ब्लाक कर की रं!” म्हणाले. लगेच झालं.

खडूस_आजोबा: तुम्हीच हिंदीत उत्तरं दिली असतील.

मिनी_कोल्हापूर: आजोबा, माझ्या तोंडात शब्द घालू नका.

पेठकर: हेल काढून बोलल्यावर यंत्राने तरी काय समजायचं?

मिनी_कोल्हापूर: आले पुण्याचे! तुमची ‘प्रमाण’ भाषा तरी कळते का त्याला?

पेठकर: …नाही. मलाही हिंदीतच घेतो.

मिनी_कोल्हापूर: मग गप बसा की.

चष्मेवाला: विषय बॉट्सचा होता, मंडळी. असो. आजोबा, माशीचं पुस्तक मान्य. गुप्त भाषा मात्र नाही म्हणजे नाही.

खडूस_आजोबा: उपकार झाले.

मिनी_कोल्हापूर: आत्ता परत ३ दाबलं. “नमस्ते.”