विषय ठरवण्यापेक्षा प्रश्न शोधावा

नियमित लिहायचे तर आधी एकच विषय पक्का करावा आणि मगच लिहायला लागावे, असे सांगितले जाते; हे मत मला अर्धेच पटते. विषय हवा, पण तो अगोदर बसून ठरवता येत नाही, असा माझा अनुभव आहे. दोन वर्षे मी नाशिकविषयी सुचेल ते लिहीत होतो. मिसळ, द्राक्षांचे भाव, मेनरोडची गर्दी, सारे एकाच वहीत. एका दिवाळीत सगळी टिपणे पुन्हा वाचली आणि केवळ खंड पडू नये म्हणून लिहिलेल्यांवर फुली मारली, तेव्हा उरलेली बहुतेक गोदावरीच्या पाण्याविषयी निघाली.

तरीही 'गोदावरी' हा विषय फारच मोठा होता, कारण त्यात कुंभमेळ्यापासून प्रदूषणापर्यंत काहीही मावते. वाट सापडली ती विषयाचा प्रश्न केल्यावर: पाणी कुठवर आले, हे नाशिककर कशावरून सांगतात? शहराच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) जाहीर होतो, पण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जमलेली माणसे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, हेच विचारतात, आणि पूर मोठा असेल तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे पाहतात. या एका प्रश्नातून १९६९ आणि २००८ चे पूर, घाटालगतच्या दुकानदारांची सामान हलवण्याची घाई, असे लेख एकामागून एक सुचत गेले आणि काय वगळायचे तेही कळू लागले. मिसळीवरचे अर्धवट टिपण मी तेव्हाच बाजूला ठेवले.