ॲपवरून फिनटेक स्टार्टअपचे शेअर घेऊ काय?

उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे माझं. पोराच्या मित्रानं ॲप दाखवलं: दुकानदारांना कर्ज देणारी नवी कंपनी, ५०,००० घाला, शेअर मिळतील. व्हिडिओ झक्कास. ताळेबंद मागितला तर म्हणतो, "काका, स्टार्टअपला तोटा असतोच."

उत्तर: तोटा असू दे की, पण दाखवायला काय जातंय? कंपनी कायदा २०१३, कलम ४२ बघा. खासगी कंपनीला शेअर बाजारात न उतरता, थेट निवडक लोकांना (प्रायव्हेट प्लेसमेंट) आर्थिक वर्षात २०० जणांपर्यंतच शेअर देऊ करता येतात (पात्र गुंतवणूक संस्था आणि कामगारांना दिलेले शेअर यात धरत नाहीत), तेही नावानिशी पत्र देऊन. जाहिरात चालत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०१६ लाच अशा प्लॅटफॉर्मबद्दल सावध केलंय. आणि कर्ज देणार तर रिझर्व्ह बँकेची एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) नोंदणी कुणाची, ते विचारा.

दुसऱ्याचं उत्तर: भावा, मी अडकलोय. अशाच शेअरचं सर्टिफिकेट कपाटात, गिऱ्हाईक कुठंच नाही. मार्केट यार्डात गुळाची ढेप निदान फोडून तरी बघता येते!

प्रश्नकर्ता: विचारलं. नोंदणी "भागीदाराची" आहे म्हणे, नाव सोमवारी सांगतो म्हणाला. तोवर कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलंय.