उत्तर: बाझेलचा उन्हाळा

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये जुलैत सगळे सुट्टीवर जातात आणि गाव ओस पडतं असं तुम्ही म्हणता, ते ऑफिसापुरतं खरं आहे. पण संध्याकाळी ऱ्हाईन नदीवर जाऊन बघा! कामावरून सुटलेली माणसं कपडे, किल्ल्या, मोबाइल माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत (विकेलफिश) कोंबतात, तोंड गुंडाळून बंद करतात आणि सरळ नदीत. टिंगली म्युझियमपाशी उतरायचं, क्लाइनबाझेलच्या (नदीच्या उजव्या तीरावरच्या शहरभागाच्या) काठाकाठाने वाहत जायचं आणि ड्रायरोझेनब्रुके या पुलाच्या आधी बाहेर पडायचं. मधल्या पट्ट्यात मालवाहू जहाजं चालतात, तिकडे अजिबात जायचं नाही. विहिरीत पोहणं शिकलेल्यांनी फाजील आत्मविश्वास ठेवू नये, इथला प्रवाह वेगळा आहे. पहिल्यांदा कुणा जाणकारासोबतच उतरा.

आईबाबा येणार असतील तर त्यांना नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बसवा. इंजिन नाही, होडी वरच्या तारेला बांधलेली आणि प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. माझ्या बाबांना राजवाड्या-किल्ल्यांपेक्षा हेच आवडलं. नदीतल्या तराफ्यावर ‘इम फ्लुस’ या संगीत महोत्सवाच्या मैफली होतात, तिकीट नाही, झोळी फिरते तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका.

स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्टला असला तरी बाझेलमध्ये ऱ्हाईनकाठची आतषबाजी आदल्या रात्री, ३१ जुलैला असते. १ तारखेला सुट्टी, दुकानं बंद. दूध-भाजी आधीच भरून ठेवा, नाहीतर स्टेशनवरच्या दुकानात रांग लावावी लागेल.