मदत हवी आहे : मत्स्यशेतीला देणगी द्यायची, पण नेमकी कशासाठी?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून एक छोटा धर्मादाय न्यास चालवतो. आजवर शिष्यवृत्त्या आणि पाण्याच्या टाक्या यांपलीकडे गेलो नव्हतो. यंदा गरीब कुटुंबांच्या मत्स्यशेतीला हातभार लावावा असा विषय निघाला आणि प्रस्ताव मागवले. ते वाचून डोकं चक्रावलंय.

सगळ्यांचा साचा एकच. तळं खोदायचं, मत्स्यबीज (माशांची पिल्लं) फुकट, एका हंगामाचं खाद्य फुकट, दोन दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी फोटोंसह अहवाल. दुसऱ्या हंगामात बीज कुठून आणायचं, याबद्दल चकार शब्द नाही. आमचे पैसे एकदाच जाणार आहेत, म्हणून काळजी वाटते.

थोडं वाचन केलं आहे. २०२२ साली जगात संवर्धनातून, म्हणजे पाळून-वाढवून, ९ कोटी ४४ लाख टन जलचर निघाले आणि पकडलेल्या मासळीला संवर्धनाने पहिल्यांदाच मागे टाकलं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. त्यातलं बहुतेक उत्पादन आशियातलं, आणि आशियातही चीनचा वाटा सर्वात मोठा. पण मला जास्त आशा वाटली ती भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ मोदादुगू विजय गुप्ता यांच्या कामातून. बांगलादेशात रस्त्याकडेचे खड्डे आणि पावसाळ्यापुरती भरणारी डबकी त्यांनी मासे वाढवायला वापरात आणली, भूमिहीन कुटुंबं आणि बायकांना त्यात ओढलं. २००५ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. म्हणजे मोठं खोदकाम केलंच पाहिजे असं नाही!

तर जाणकारांना विचारायचं आहे :
पैसा तळ्यात घालावा, की बीज तयार करण्याच्या सोयीत?
मासा कोणता? तिलापिया, की कटला-रोहू-मृगळ एकत्र? (एक सभासद कोळंबीसाठी हटून बसले आहेत. नफा दिसतो त्यांना. खारफुटी तोडून केलेल्या तळ्यांमुळे किनाऱ्यांचं काय झालं हे सांगितलं, तरी ऐकत नाहीत.)
आणि प्रस्ताव पाठवणाऱ्यांना कोणते प्रश्न विचारले की खरं-खोटं कळेल?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बीज आधी, तळं नंतर. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) आणून थेट मोठ्या तळ्यात सोडले तर बेडूक, पाणकिडे आणि शिकारी मासे बहुतेक फस्त करतात. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, आकाराचे होईपर्यंत ते छोट्या संगोपन तळ्यात वाढवावे लागतात. दोन-तीन महिन्यांचं काम आहे, जागा कमी लागते आणि बोटुकली विकून पैसा लवकर हातात येतो. आसपासच्या दोन-चार कुटुंबांना हे जमलं, की बाकीच्यांचा दुसरा हंगाम आपोआप सुटतो. तुमची देणगी मी इथे घातली असती.

फुकट खाद्याला माझा ठाम विरोध. विकतच्या खाद्यावर मासे वाढवायचे तर निम्म्याहून जास्त खर्च त्यावरच होतो. पहिल्या वर्षी ती सवय लावून दुसऱ्या वर्षी हात काढून घेतला की तळं बंद पडतं. शिवाय फुकट मिळालं की जास्त टाकलं जातं. ते तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. शेणखताने हिरवं झालेलं (बारीक शेवाळ वाढलेलं) पाणी, भाताचा कोंडा आणि पेंड यांवर हे तिघं बऱ्यापैकी वाढतात.

तिलापिया चिवट असतो, पण तळ्यातच भराभर पिल्लं घालतो. मग गर्दी होते आणि सगळेच बोटभर राहतात. नुसते नर सोडायची सोय असेल आणि तळ्याचं पाणी नदीत जात नसेल, तरच घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी बरंचसं सहमत, पण पहिल्या वर्षी गरीब माणसाने जोखीम घ्यायची कशाच्या जोरावर? बीज द्या, मात्र पीक निघाल्यावर तेवढंच बीज शेजारच्या कुटुंबाला द्यायची अट घाला.

खरा प्रश्न मालकीचा आहे. पडीक डबक्याकडे कोणी बघत नाही. त्यात मासे दिसले की गावातल्या वजनदार माणसाला एकदम आपला हक्क आठवतो. लेखी भाडेकरार, किमान पाच वर्षांचा आणि शक्यतो बाईच्या नावे, झाल्याशिवाय एक पैसाही सोडू नका. खरं-खोटं कळायला दोनच प्रश्न पुरेत : तळ्यात पाणी किती महिने टिकतं आणि करार कोणाच्या नावे आहे? उत्तर गुळमुळीत आलं की प्रस्ताव बाजूला ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कराराचा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच, आता तो पहिला. कोळंबीवाल्या सभासदांना हा धागा पाठवतो. जाता जाता एक : पाणी तपासायचं साहित्य प्रत्येक कुटुंबाला द्यायचं, की गटात एकच पुरेल?

प्रतिसाद १

गटात एकच पुरे. रोजच्या कामाला हात पुरतो : कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा दिसेनासा होत असेल तर पाणी पुरेसं हिरवं. हात मनगटापर्यंत बुडायच्या आतच दिसेनासा झाला तर खत थांबवा.