मदत हवी आहे : मुंबईतील बॅक्टेरियल मेनिन्जायटिसचे दर लाखी प्रमाण कसे काढावे?

परळकर_स्वाती : एमडीच्या प्रबंधासाठी मुंबईतील बॅक्टेरियल मेनिन्जायटिसचे (जिवाणूंमुळे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेचे) दर लाख लोकसंख्येमागील वार्षिक प्रमाण काढायचे आहे. नोंदवहीतील रुग्णसंख्येला २०११ च्या जनगणनेतील १ कोटी २४ लाखांनी भागले, तर उत्तर इतके लहान येते की मार्गदर्शक ते मान्य करीत नाहीत. आराखडा सोमवारी द्यायचा असल्याने योग्य सूत्र तेवढे सांगावे.

कल्चर_प्लेट : नोंदवही किती रुग्णालयांची आहे आणि निदान कशावरून धरले आहे?

परळकर_स्वाती : अर्थातच आमच्या एकाच रुग्णालयाची. निदान डिस्चार्ज कार्डावरील आहे.

कल्चर_प्लेट : मग एका रुग्णालयाच्या आकड्याला अख्ख्या मुंबईने भागून दुसरे काय येणार? शिवाय त्यात क्षयाचा मेनिन्जायटिसही मिसळलेला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे संशयित, संभाव्य आणि निश्चित रुग्ण वेगळे काढा. केवळ कल्चरवरही (नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीवरही) विसंबू नका, कारण पाठीतले पाणी काढण्याआधीच बाहेर सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक टोचलेले असेल, तर रोग असूनही कल्चरमध्ये काहीच वाढत नाही.

आजोबा_दादर : मोजत बसण्यापेक्षा बाळांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित) लस ६, १० आणि १४ आठवड्यांना वेळेवर द्यावी, हे उत्तम.

ठाणे_लोकल : आजोबा, प्रश्न तो नव्हता, तरी मेनिन्जायटिस घडवणाऱ्या हिब या जिवाणूची लस त्यातच असल्याने आणि अशाच दुसऱ्या जिवाणूवरील न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर विस्तारल्याने आधीची आणि नंतरची वर्षे एकत्र करू नयेत, हे खरे. स्वातीताई, पालघर-रायगडचे रुग्ण वगळलेत का? केसपेपरवर पुष्कळदा धारावीतल्या नातेवाइकाचा पत्ता असतो. सुटलेले रुग्ण मोजण्यासाठी चंद्रशेखर आणि डेमिंग यांची १९४९ ची पद्धत वापरा : समजा, वॉर्डच्या वहीत ५०, प्रयोगशाळेच्या वहीत ६० आणि दोन्हींत ३० रुग्ण आहेत, तर ५० गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे अंदाजे १००.

कल्चर_प्लेट : ही पद्धत दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालते. इथे वॉर्डातूनच नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे अंदाज कमीच येईल. आणि खासगी रुग्णालयांत गेलेले रुग्ण तर दोन्ही वह्यांत नाहीत.

परळकर_स्वाती : शीर्षक मंजूर झाले असून बदलता येणार नाही. आमच्या नोंदवहीत पिनकोडचा रकानाच नाही.

ठाणे_लोकल : मग रेकॉर्ड विभागातून मूळ केसपेपर काढून ‘येथे किती वर्षांपासून राहता’ ही नोंद पाहा आणि आपल्या महापालिका वॉर्डातील इतर रुग्णालयांकडे याद्या मागा. तोवर मार्गदर्शकांना दर लाखी आकडा दाखवू नका.